सहलीचं लटकन: नीडलपॉइंटचा पहिला तुकडा, घरं मोजून

महेश्वरहून परतताना इंदूरकरांच्या पिशवीत बहुधा साडी असते, मांडूहून येताना खुरासानी चिंचेचं एखादं लांबट फळ. बाकी सगळी सहल फोनमध्ये राहते आणि चार महिन्यांनी कुणी ती उघडूनही बघत नाही. तीन इंचांचं, दोऱ्याने गच्च भरलेलं एक लटकन मात्र समोर राहतं. ते दारावरच्या तोरणात ओवता येतं, प्रवासी बॅगेच्या कडीला अडकवता येतं, गणपतीच्या मखरात लावता येतं. दर सहलीला एक केलं तर पाच-सहा वर्षांत तोरण पुरं होतं.

त्यासाठी चित्रकला यावी लागत नाही, मोजता आलं पाहिजे. नीडलपॉइंट म्हणजे जाळीदार कॅनव्हासवरचं मोजून भरायचं भरतकाम; त्यात नाव, देऊळ, झाड असं काही नसतं. असतात ती घरं, आणि प्रत्येक घरात एक टाका. पहिला तुकडा फसतो तो टाका चुकल्यामुळे क्वचितच. घरं न मोजता सुरुवात केली किंवा शेवटची बांधणी घाईत उरकली, ही खरी कारणं असतात. म्हणून या लेखात मोजणीला आणि बांधणीला जास्त जागा दिली आहे.

मॅटीवरची फुली नव्हे

मॅटी किंवा दसुतीवर फुली टाका पुष्कळांनी घातलेला असतो. तिथे कापड दिसतं आणि नक्षी त्याच्यावर उठते. नीडलपॉइंटमध्ये कापड दिसायलाच नको. खळ लावलेला ताठ, जाळीदार कॅनव्हास घ्यायचा आणि त्याचं प्रत्येक घर, आकाशासकट, दोऱ्याने बुजवायचं. त्यामुळे तुकडा जाड आणि टणक होतो आणि लटकनाला तोच टणकपणा हवा असतो. जुन्या रुखवतांमध्ये लोकरीने भरलेली जाळीवरची तोरणं असत, ती याच घराण्यातली. दुकानात मागताना «भरतकामाचा जाळीचा कॅनव्हास, इंचाला चौदा घरं» असं सांगा. नुसतं «कॅनव्हास» म्हटलं की रंगकामाचा कॅनव्हास पुढ्यात येतो आणि «चौदाचं कापड» म्हटलं की मॅटी.

सामान

कॅनव्हासचा आकडा म्हणजे एका इंचातली घरं. पहिल्या तुकड्याला १४ चा घ्या. १८ च्या कॅनव्हासवर काम नाजूक उतरतं, पण नवख्या डोळ्यांना त्रास होतो. विणीचे दोन प्रकार मिळतात. मोनोमध्ये आडवे-उभे धागे नुसते एकमेकांवरून जातात. इंटरलॉकमध्ये ते एकमेकांत अडकवलेले असतात, त्यामुळे कापल्यावर कडा उसवत नाही. लटकनाला इंटरलॉक सोयीचा. प्लास्टिकचा कॅनव्हासही मिळतो. तो वाकडा होत नाही, त्याला चौकट लागत नाही आणि कडा दुमडाव्या लागत नाहीत. मुलांबरोबर करायचं असेल तर तोच घ्या. मात्र त्याचा काठ दोऱ्याने गुंडाळून झाकावा लागतो.

कॅनव्हास ७ इंच बाय ७ इंच कापा. चित्र तीन इंचांचं आणि चारही बाजूंना दोन-दोन इंच मोकळे. ही मोकळी पट्टी वाया जात नाही. ताणताना टाचण्या तिच्यातच बसतात आणि पुढे दुमडायलाही तीच लागते. कापल्याबरोबर कडांना मास्किंग टेप लावा, नाहीतर खरखरीत कडेत दोरा दर टाक्याला अडकेल.

दोरा म्हणजे नेहमीचा सहा पदरी सुती भरतकामाचा दोरा. अँकरची लडी ८ मीटरची असते आणि इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या बाजारात शिलाईचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत सहज मिळते. १४ च्या कॅनव्हासवर सहाही पदर वापरायचे, १८ च्या कॅनव्हासवर चार. रेशमी चमकीचा दोरा आणि जरी पहिल्या तुकड्यात नको. दोन्ही निसटतात, आणि कच्ची जरी पावसाळ्यात काळी पडते.

सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची हवी. १४ च्या कॅनव्हासला २२ नंबर, १८ च्या कॅनव्हासला २४ नंबर. दोरा ओवलेली सुई घरातून धागे न फाकवता जायला हवी. जोर लावावा लागला तर सुई जाड आहे, आपोआप गळून पडत असेल तर बारीक आहे.

याशिवाय लहान टोकदार कात्री, आलेख कागद, रंगीत पेन्सिली, न गंजणाऱ्या टाचण्या, पाठीला फेल्ट, पातळ पुठ्ठा. कॅनव्हास ताणायला जुनी लाकडी फोटोफ्रेम चालते. चारही बाजूंनी ड्रॉइंग पिनांनी ताणून बसवायचा. भरतकामाची गोल रिंग वापरू नका. तिच्या दाबाने ताठ कॅनव्हासवर गोल वळ उठतो आणि आधी भरलेले टाके चेपतात.

काय काढायचं

एका लटकनात एकच गोष्ट मावते. मांडूला गेलात आणि जहाज महाल, रूपमतीचा मंडप, होशंगशहाचा मकबरा असं सगळं एकाच तुकड्यात बसवायला गेलात तर एकही ओळखू येणार नाही. आधी आकार बघा. जहाज महाल सुमारे १२० मीटर लांब आणि उंचीने त्या मानाने ठेंगणा आहे, त्यामुळे चौकोनी लटकनात तो एक पट्टी होऊन बसतो. तो काढायचाच असेल तर त्याचा एक छत्रीवाला, म्हणजे वर घुमटी असलेला, कोपरा आणि खाली तलावाचं पाणी घ्या. याउलट मांडूचं खुरासानी चिंचेचं झाड, म्हणजे बाओबाब, जणू लटकनासाठीच वाढलेलं आहे: जाडजूड बुंधा, वर आखूड फांद्या, दुसऱ्या कुठल्याही झाडाशी गल्लत होणार नाही असा बांधा. राजवाड्याचा दरवाजा घ्यायचा तर सातही मजले मोजत बसू नका. खालचा दगडी भाग आणि वरचं लाकूडकाम हे दोन रंग आणि मधली कमान, एवढ्यात इंदूरकर तो ओळखतो. ओंकारेश्वरचा झुलता पूल, पाताळपाणीचा धबधबा, घाटातून उतरणारी रेल्वेगाडी हेही चांगले विषय. महेश्वरी साडीच्या काठांतली वीट, चटई आणि लहर ही नक्षी मुळातच आडव्या-उभ्या धाग्यांवर बेतलेली असल्यामुळे कॅनव्हासवर जशीच्या तशी उतरते.

फोटो समोरून सरळ घ्या. खालून वर बघत काढलेल्या फोटोत भिंती आत झुकतात आणि तो झुकाव घरांमध्ये आणताना फार त्रास होतो. रंगांसाठी मात्र फोटोवर विसंबू नका, फोन पाणी हमखास निळं करतो. जागेवरच एका ओळीत लिहून ठेवा: «पाणी शेवाळी, पायऱ्या राखाडी-तपकिरी, नाव लाल.» दुकानात शेड कार्डासमोर उभं राहिल्यावर ही ओळ शंभर फोटोंपेक्षा उपयोगी पडते.

मग घरं. मापाचं सूत्र एवढंच: इंच गुणिले कॅनव्हासचा आकडा. तीन इंच गुणिले १४ म्हणजे ४२ घरं. हेच चित्र १८ च्या कॅनव्हासवर घातलं तर जेमतेम ६ सेंटिमीटरचं होईल, १० च्या प्लास्टिक कॅनव्हासवर लोकरीने घातलं तर सुमारे ११ सेंटिमीटरचं. आराखडा एकच, फक्त कॅनव्हास बदलला.

कुठल्याही आकाराला निदान तीन घरांची रुंदी द्या. दोन घरांची खिडकी म्हणजे नुसता ठिपका दिसतो. शिखर, कमान, घुमट अशा दोन्ही बाजू सारख्या असलेल्या गोष्टींना नेहमी विषम घरं घ्या, कारण समसंख्येला मधलं घर नसतं आणि शिखराचं टोक एका बाजूला सरकतं.

नमुना: महेश्वरचा घाट

हा आराखडा आलेख कागदावर उतरवून घ्या. रुंदी ४३ घरं, उंची ४२ ओळी, एकूण १८०६ टाके. रुंदी ४३ का, ते लहरीपाशी कळेल. ओळी खालून वर मोजायच्या आणि उभे रकाने डावीकडून.

ओळ १ ते १२ पाणी. १३ ते २० घाटाच्या चार पायऱ्या, प्रत्येकी दोन ओळी: एक गडद, एक फिकी. २१ ते ३२ किल्ल्याची भिंत. ३३ ते ४२ आकाश.

पाण्यात लहर घालायची. पहिल्या रकान्यात खालून दोन घरं गडद, दोन फिकी, असं तीनदा. दुसऱ्या रकान्यात सगळं एक घर वर सरकवा, म्हणजे तळाशी एक फिकं घर येतं आणि मग दोन गडद, दोन फिकी. तिसरा रकाना आणखी एक घर वर, चौथा आणखी एक. चौथ्याला लहरीचा माथा झाला. पाचवा तिसऱ्यासारखा, सहावा दुसऱ्यासारखा, सातवा पुन्हा पहिल्यासारखा. दर सहा रकान्यांनी लहर परत सुरू होते, त्यामुळे ४२ घरांत सात लहरी बसतात, पण उजव्या कडेला सातवी लहर पायथ्याला टेकण्याआधीच तुटते. एक रकाना वाढवला की दोन्ही कडा सारख्या होतात, म्हणून ४३. कुठल्याही काठाच्या नक्षीला हाच हिशोब: एका लहरीची घरं गुणिले लहरींची संख्या, अधिक एक.

नावेचा मध्य १४ व्या रकान्यावर. ओळ ४ ला ९ घरं, ५ ला ११, ६ ला १३, ७ ला १५. ओळ ८ आणि ९ वर दोन बांबू, १० व्या आणि १८ व्या रकान्यात एकेक घर. ओळ १० आणि ११ वर ११ घरांचं छत. शिखराचा मध्य २९ व्या रकान्यावर, ओळ ३३ पासून वर ९, ९, ७, ७, ५, ५, ३, १. नाव आणि शिखर दोन्ही मधोमध घेतली तर नाव शिखराला टांगल्यासारखी दिसते, म्हणून दोघांना बाजूला सारलं आहे. भिंतीत तीन झरोके, मध्य ८, २२ आणि ३६ व्या रकान्यावर, ओळ २५ ते २७ तीन-तीन घरं आणि ओळ २८ वर एकच, म्हणजे कमान.

रंग सात: गडद पाणी, फिकं पाणी, गडद पायरी, फिकी पायरी, भिंत, आकाश, नाव. झरोके गडद पायरीच्या दोऱ्याने, छत आणि शिखर फिक्या पायरीच्या. प्रत्येकाची एक लडी पुरून उरते. सर्वात जास्त दोरा भिंतीला जातो, साधारण ५ मीटर. लाल आणि गर्द निळ्या दोऱ्याचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या कापडात पाच मिनिटं दाबून बघा. कापडाला रंग लागला तर तो दोरा या कामाला नको. शेवटी तुकडा ओला करायचाच आहे, तेव्हा रंग पसरला तर उपाय उरत नाही.

कॅनव्हासवर आराखडा काढायची गरज नाही, मोजून भरता येतं. चौकटीच्या चार कडा आणि दर दहाव्या घराची खूण मात्र फिक्या राखाडी, पाण्याने न उतरणाऱ्या मार्करने करा. पेन्सिल नको, शिसं आकाशाच्या फिक्या दोऱ्याला लागतं आणि धुतल्यावरही जात नाही. मोकळ्या पट्टीवर «वर» असं लिहून ठेवा.

टाका

टाका एकच: घराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुई वर, वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली. सगळे टाके याच बाजूला कललेले हवेत. कॅनव्हास उलटा, म्हणजे वरची बाजू खाली करून धरला तरी कल तोच राहतो. पण आडवा फिरवून भरलेला भाग सरळ केल्यावर उलटा कललेला दिसतो. दोऱ्याचा रंग तोच असतो, तरी उजेड वेगळा पडतो आणि तिथे डाग असल्यासारखं वाटतं. «वर» लिहायचं ते यासाठी.

समोरून एकसारखा दिसणारा हा टाका मागून तीन तऱ्हांनी घालता येतो, आणि तुकडा सरळ राहणार की तिरका होणार ते मागच्या बाजूवर ठरतं.

अर्धी फुली डावीकडून उजवीकडे जाते आणि मागे फक्त छोटे उभे टाके राहतात. दोरा कमी लागतो, पण पाठ पातळ राहते. मोनो कॅनव्हासवर हे टाके धाग्यांखाली घसरतात, म्हणून ती इंटरलॉक किंवा प्लास्टिकवरच घालावी.

कॉन्टिनेंटल टाका उजवीकडून डावीकडे जातो. एक टाका संपला की सुई मागून दोन घरं डावीकडे आणि एक घर खाली जाऊन पुढच्या टाक्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात निघते. पाठ भरीव होते, पण मागचे लांब तिरके टाके कॅनव्हासला एकाच बाजूला ओढतात. नाव, शिखर, झरोके अशा लहान आकारांना आणि एकेरी ओळींना हा चांगला.

बास्केटवीव्ह तिरप्या ओळींत जातो: एक ओळ वरून डावीकडून खाली उजवीकडे, पुढची उलट वर. उतरताना सुई मागच्या बाजूने उभी जाते, चढताना आडवी, आणि दोन्ही वेळा कॅनव्हासचे दोन धागे ओलांडते. मागे चटईसारखी वीण तयार होते. आडवा आणि उभा ओढ एकमेकांना तोलतात, म्हणून तुकडा सरळ राहतो. भिंत आणि आकाश बास्केटवीव्हनेच भरा. शिकायला एक संध्याकाळ जाते. मोकळ्या तुकड्यावर दहा बाय दहा घरं भरून बघा, मागची चटई जमली की टाका जमला.

मोनो कॅनव्हासवर यातली आणखी एक खूण कामाची आहे. प्रत्येक छेदावर बारकाईने बघा: कुठे उभा धागा वर असतो, कुठे आडवा. उभा धागा वर असलेल्या छेदांची तिरपी ओळ उतरताना भरायची, आडवा वर असलेल्यांची चढताना. काम अर्धवट ठेवून दुसऱ्या दिवशी हातात घेतलं की कुठल्या दिशेला जायचं ते यावरून कळतं. लागोपाठ दोन ओळी एकाच दिशेने भरल्या तर समोर तिरपी रेघ उठते, आणि ती ताणल्यानंतरही जात नाही.

दोरा ४५ सेंटिमीटरचा कापा. एका लडीत असे १७ तुकडे निघतात आणि एका तुकड्यात ४५ ते ५० टाके होतात. लांब दोरा घेतला तर तो दर टाक्याला कॅनव्हासवर घासून शेवटी पिंजतो. कापल्यावर सहाही पदर एकेक करून वेगळे ओढा आणि पुन्हा एकत्र जुळवा. लडीतला पीळ निघतो, पदर शेजारी-शेजारी पसरतात आणि कॅनव्हास नीट झाकला जातो. नुसत्या एवढ्याने तुकड्याचं रूप बदलतं. दर चार-पाच टाक्यांनी सुई मोकळी सोडून लोंबू द्या, दोरा आपला पीळ आपण सोडतो.

सुरुवातीची गाठ मागे नको. गाठ समोरच्या बाजूला, पहिल्या टाक्यापासून इंचभर पुढे, ज्या दिशेने भरणार तिकडे ठेवा. मागचा दोरा येणाऱ्या टाक्यांखाली आपोआप दाबला जातो आणि टाके गाठीपर्यंत पोचले की गाठ कापून टाकायची. शेवट करताना सुई मागच्या पाच-सहा टाक्यांखालून सरकवून दोरा कापा. गडद दोरा फिक्या भागाच्या मागून ओढत नेऊ नका. आकाशाच्या मागून गेलेला लाल दोरा समोर सावलीसारखा दिसतो.

क्रम असा: आधी नाव, शिखर, झरोके, मग पायऱ्या, मग लहर, भिंत आणि आकाश शेवटी. शक्यतो सुई मोकळ्या घरातून वर काढा आणि भरलेल्या घरात खाली घाला. उलट केलं तर शेजारच्या टाक्याचे तंतू वर ओढले जातात. नवखा हात तासाला दीडशे टाके घालतो असं धरलं तर हा तुकडा बारा तासांचा आहे, म्हणजे रोज एक तास दिला तर दोन आठवड्यांच्या आत होतो.

नावेचं डावं टोक

नाव भरून झाली की जवळून बघा. उजवं टोक गुळगुळीत चढलेलं दिसेल, डावं करवतीच्या दात्यांसारखं. मोजण्यात चूक नाही. सगळे टाके उजवीकडे वर कलतात, त्यामुळे त्याच दिशेची तिरपी कड टाक्यांच्या कलात मिसळून सलग दिसते आणि विरुद्ध दिशेची कड प्रत्येक टाक्यापाशी तुटते. शिखराचं उलट होतं: डावी बाजू सलग, उजवी दातेरी. म्हणूनच शिखराला दोन-दोन ओळींच्या पायऱ्या दिल्या आहेत, म्हणजे दोन्ही बाजू मुद्दाम पायरीच्या वाटाव्यात. नावेला ते शोभत नाही. तिथे सगळं काम झाल्यावर डाव्या कडेवरून त्याच लाल दोऱ्याचे दोन पदर घेऊन एक लांब तिरपा टाका वरून टाका, दाते झाकले जातात. नवा आराखडा करताना महत्त्वाची तिरपी रेघ, मग ती पुलाची केबल असो की डोंगराची उतरण, उजवीकडे चढती ठेवता आली तर ठेवा.

बिघडतं कुठे

टाक्यांमधून कॅनव्हासचे पांढरे ठिपके दिसत असतील तर दोरा पीळ खाल्लेला आहे, हात घट्ट आहे किंवा पदर कमी आहेत. हात सैल केल्यावर बहुतेक वेळा ठिपके जातात.

घर चुकलं आणि दोन-चार टाक्यांत लक्षात आलं तर सुई काढून दोरा उलटा ओढा. जास्त भरलं असेल तर समोरून टाके एकेक कापून चिमट्याने काढा. उसवलेला दोरा परत वापरू नका, त्याची चमक गेलेली असते. कापताना कॅनव्हासचाच धागा तुटला तर घाबरू नका. कडेच्या पट्टीतून एक इंचाचा तुकडा कापा, घरं घरांवर बसवून मागून लावा आणि दोन्ही थरांतून टाके घाला. समोरून काही कळत नाही.

लहर एका रकान्याने चुकली की चूक पुढे चालत जाते. पहिली गडद लहर डावीकडून उजवीकडे पूर्ण घाला, सात माथे मोजा, मगच पुढची घ्या.

ताणणं आणि बांधणी

भरून झालेला तुकडा थोडा तिरका झालेला असतोच. पाट किंवा जाड थर्माकोल घ्या, त्यावर आलेख कागद, त्यावर पारदर्शक प्लास्टिक. तुकड्याची पाठ पाण्याच्या फवाऱ्याने ओलसर करा, निथळेल इतकी ओली नको. तुकडा हाताने उलट्या तिरप्यात ओढा आणि आलेखाच्या रेघांना लावून मोकळ्या पट्टीत दर सेंटिमीटरला टाचणी मारा. ओलसरपणाने खळ मऊ होते आणि वाळताना सरळ आकारात पुन्हा कडक होते, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढायच्या नाहीत. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दोन द्या. फार तिरका असेल तर हेच दुसऱ्यांदा करा. इस्त्री समोरून कधीही नको, टाके चपटे होतात.

त्यानंतर:

१. चारही बाजूंना १ सेंटिमीटर कॅनव्हास ठेवून बाकीचा कापा. मोनो कॅनव्हास असेल तर कापण्याआधी मशीनवर एक टीप मारून घ्या.

२. कोपरे तिरपे छाटा, पण शेवटच्या टाक्यापासून दोन घरं सोडून. त्याहून जवळ छाटलं तर कोपरा फुटतो.

३. पुठ्ठा चित्रापेक्षा सगळीकडून १ मिलिमीटर लहान कापा. कडा त्यावर मागे दुमडा आणि जाड दोऱ्याने समोरासमोरच्या कडा एकमेकींना ओढून बांधा, आधी डावी-उजवी, मग वर-खाली. डिंक लावायचा मोह होतो. पण पांढरा गोंद टाक्यांच्या पाठीला लागला तर सुती दोऱ्यातून झिरपून समोर गडद डाग पडतो.

४. फेल्ट त्याच मापाचा कापा. लावण्याआधीच त्यावर दोन पदरी दोऱ्याने गावाचं नाव आणि वर्ष भरा, नंतर जागा मिळत नाही.

५. फेल्ट मागे धरून कडेने बारीक टाके घालत शिवा. मऊ, फुगीर लटकन हवं असेल तर पुठ्ठा वगळा, तीन बाजू शिवा, पॉलिस्टर भरण भरा आणि चौथी बाजू बंद करा. साधा कापूस काही दिवसांनी गोळे धरतो.

६. काठावरची पिळाची दोरी घरीच होते. तुकड्याचा घेर साधारण १२ इंच, टांगायचा फास ५ इंच, टोकांना ३ इंच, म्हणजे २० इंच तयार दोरी हवी. त्याच्या तिप्पट, ६० इंचांचे दोन रंगांचे सहा पदरी दोरे एकत्र घ्या, एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसरं पेन्सिलीला, आणि दोरी सैल सोडली की वळसे खाईल इतका पीळ द्या. मधोमध दुमडून टोकं जुळवली की ती स्वतःवर गुंडाळते. टोकांना लगेच गाठ मारा, नाहीतर सगळा पीळ एका क्षणात सुटतो.

७. दोरी खालच्या काठाच्या मध्यापासून सुरू करून त्याच रंगाच्या एका पदराने बसवत जा. वरच्या काठाच्या मध्याशी ५ इंच मोकळे सोडून फास करा आणि त्याच्या बुडाशी तीन-चार टाके जास्त घाला. सगळं वजन तिथे येतं. दोन्ही टोकं खाली जिथे भेटतात तिथे सातही रंगांच्या उरलेल्या दोऱ्यांचा गोंडा लावा, जोड त्याखाली झाकला जातो.

तोरणात ओवायची असतील तर पुढची लटकनं कुठल्याही आकाराची करा, पण उंची ४२ ओळीच ठेवा, म्हणजे शेजारी-शेजारी लावल्यावर खालचे गोंडे एका रेषेत येतात. दाराला थेट ऊन लागत असेल तर लाल आणि जांभळा रंग आधी उडतो. अशा दाराला आतल्या बाजूने लावा. धूळ मऊ ब्रशने झटका. पावसाळ्यात उतरवून ठेवायचं झालं तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, पाठीचा फेल्ट ओल धरतो आणि बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून साड्यांच्या कपाटात ठेवा.